‘वंडरफुल टुनाइट’ कुणासाठी लिहिलं आणि मांडवात कसं गायचं

दादा, तुमचे प्रश्न दोन. इंग्लिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं ‘वंडरफुल टुनाइट’ खरंच बायकोसाठी लिहिलंय का, आणि भंडारा जिल्ह्यात साकोलीकडे भावाच्या रिसेप्शनला त्याच चालीवर मराठी शब्द कसे बसवायचे.

गाणं पॅटी बॉइडवर आहे, पण तेव्हा ती बायको नव्हती. लग्न १९७९ सालचं. ७ सप्टेंबर १९७६ ला दोघांना बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीकडच्या, जुना अमेरिकन रॉक गायक बडी हॉलीच्या आठवणीतल्या पार्टीला जायचं होतं. तिचं हे घालू की ते घालू चाललेलं आणि हा गिटार घेऊन ताटकळत बसलेला. तेवढ्यात गाणं सुचलं. १९७० चं ‘लैला’ही पॅटीवरच आहे, पण तेव्हा ती जॉर्ज हॅरिसनची, म्हणजे मित्राची बायको होती. कितीही फर्माईश आली तरी मांडवात ते घेऊ नका.

शब्द लिहिताना चंद्र-चांदण्या टाळा. पहिल्या कडव्यात कपडे, मेकअप, केस विंचरणं आणि ‘मी कशी दिसते?’ एवढंच आहे. सगळी गोडी त्या खोळंब्यात आहे. तुमच्याकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्रीचं नाटक घ्या. गाडी दारात, नाटकाची घंटा व्हायची वेळ, आणि ती अजून आरशापुढे पदराला पिन लावतेय. वेगळं ध्रुवपद नको, कडव्याची शेवटची ओळच परत परत येते. ती ओळ लांबवता येईल अशा स्वरावर संपवा : ‘दिसतेस’चा स अडतो, ‘देखणी’ची ई हवी तेवढी ताणता येते.

मूळ पट्टी जी मेजर. कॉर्ड जी, डी, सी, डी. पैकी पहिल्या डीला बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, एफ शार्पचा. मधल्या भागात बेस जी, एफ शार्प, ई असा पायरीपायरीने उतरतो. कीबोर्डवाले तिथे साधा डी दाबतात आणि उतारच नाहीसा होतो, हे तुमच्या कीबोर्डवाल्याला आधीच सांगा. ठेका संथ केहरवा, मिनिटाला ९५ ठोक्यांच्या आसपास. कीबोर्डची तयार ढोलक स्टाइल लावली की गाणं पळायला लागतं, म्हणून ती बंद, तबलाच ठेवा. सुरुवातीचा गिटारचा तुकडा तार ओढून वाजवलेला आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तो बासरीला द्या.

तिसऱ्या कडव्यात नायकाचं डोकं ठणकतं, तो गाडीची किल्ली तिच्या हाती देतो आणि तीच त्याला झोपवते. सोयरे समोर बसलेले असताना हे नको. त्या जागी नाटक सुटल्यावर पहाटे धानाच्या बांध्यांमधून दोघं घरी परततात असं लिहा.