पोलिसाने स्वतःच्या गाडीवर ‘पोलीस’ लिहून विनाहेल्मेट फिरलं तर चालतं का?

नाही चालत. उलट दुप्पट महागात पडायला हवं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 210ब आलं: हा कायदा राबवण्याचा अधिकार असलेल्यानेच तो मोडला, तर दंड दुप्पट. केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसल्याचा दंड 1000 रुपये आहे, म्हणजे साहेबांना 2000. आता ती पावती फाडायची कोणी, तर त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याने. घोडं अडतं ते तिथेच.

आमच्या कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी रोज संध्याकाळी एक बुलेट थेट झेब्रा क्रॉसिंगवर लागते. पुढच्या काचेवर लाल-निळं स्टिकर, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. चार वडे बांधून घेतले जातात, पैशांचा विषय निघत नाही. वडापाववाल्याला विचारलं तर म्हणाला, “दादा, माझी गाडी तरी कुठे लायसनवर उभी आहे?” सगळी गोम यातच आहे. फुकट वडा हा मान नसतो, हप्ताच असतो, फक्त तळलेला.

स्टिकरने कुठलीही सूट मिळत नाही, गाडी खाजगी ती खाजगीच. तक्रार करायची तर नंबरप्लेट दिसेल असा फोटो, वेळ आणि जागा लिहून पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064. रस्त्यावर हुज्जत मात्र घालू नका, सरकारी कामात अडथळ्याचं कलम लगेच आठवतं त्यांना.