लेप लावल्यावर चकली नको

प्रश्न : माझ्या पुतणीचे लग्न वैशाखात ठरले आहे. लग्नाच्या आठ दिवस आधी, एका सोमवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत, तिच्या आठ मैत्रिणी आणि घरातल्या दोन वडीलधाऱ्या बायका यांच्यासाठी घरीच स्पा पार्टी करावी असे आम्ही ठरवले आहे. ब्युटिशियन घरी येणार असून पाय गरम पाण्यात सोडणे, डोक्याला तेलमालीश, चेहऱ्याला लेप आणि शेवटी नेल पॉलिश असा बेत आहे. खाण्यासाठी बाहेरून बटाटेवडे, क्रीमचा केक आणि शीतपेये मागवावीत असे माझ्या मनात होते. परंतु पुतणीला मोबाइलवर पाहिलेल्या पार्ट्यांसारखे तवशाचे (काकडीचे) पाणी आणि फळेच हवी आहेत. माझ्या मोठ्या जाऊबाईंना मधुमेह आहे. नेमके काय ठेवावे?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : बटाटेवड्यांची ऑर्डर अजून दिली नसेल तर जरा थांबावे. पुतणीचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, पण नुसत्या तवशावर तीन तास कोणी बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहेच. अशा दुपारचे खाणे ठरवताना पदार्थांची यादी आधी करू नये. कोणता उपचार कोणत्या क्रमाने आणि किती मिनिटे चालणार, हे ब्युटिशियनला विचारून आधी कागदावर मांडावे, आणि त्या त्या वेळी पाहुणीचे हात, तोंड आणि पोट कोणत्या अवस्थेत असेल ते पाहून त्यासमोर पदार्थ लिहावा.

हे शहाणपण मला चुकीतून आले. माझ्या भाचीच्या लग्नाआधी डिचोलीच्या घरी आम्ही अशीच दुपार योजली होती आणि मी हौसेने चकल्या तळून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मुलतानी मातीचा लेप अर्धवट वाळलेला असताना कोणीतरी चकलीचा डबा फिरवला. पहिला घास मोडताच माझ्या नणंदेच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत सरळ भेग गेली आणि लेपाचा एक पोपडा तिच्या चहाच्या कपात पडला. हसू आवरेना, म्हणून उरलेल्यांचेही लेप तडकले. ब्युटिशियनने सगळ्यांचे चेहरे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तुमच्या बेतात पहिला उपचार पाय गरम पाण्यात सोडण्याचा आहे, तेव्हा खाण्याचा पहिला भाग त्याच वेळी ठेवावा, कारण त्या पंधरावीस मिनिटांत पाय गुंतलेले असले तरी दोन्ही हात कोरडे आणि मोकळे असतात. मात्र येथे पोटभर काही देऊ नये. भरल्या पोटी कोमट पाण्यात पाय सोडून बसले की सुस्ती येते, आणि नंतर मालिशीसाठी मान पुढे वाकवली की आंबट ढेकर सुरू होतात. भाजलेले काजू, मयडे गावच्या केळ्याचे दोन काप, फुटाणे, एवढे पुरते. सोबत तवशाचे पाणी द्यावे: दोन लिटर पाण्यात एका तवशाच्या पातळ चकत्या आणि मूठभर पुदिना तासभर थंड ठेवला की झाले. चकत्या टाकण्यापूर्वी तवशाचे दोन्ही देठ चाखून पाहावेत, कारण एक कडू तवसे अख्खा जग कडू करते, आणि दोन तासांनंतर चकत्या काढून टाकाव्यात. डोळ्यांवर ठेवायच्या चकत्यांची ताटली खाण्याच्या टेबलाजवळ ठेवू नये; डोळ्यांवरून उतरलेली चकती गप्पांच्या नादात तोंडात जाते, हे मी पाहिलेले आहे.

लेपाच्या वेळी चावण्याचे काहीही देऊ नये. फक्त पेय, तेही स्ट्रॉने आणि फार गार नसलेले. पुतणीला तेथे एखादे गोड सरबत हवे असेल, परंतु माझ्या मते या घटकेला कोकमाला तोड नाही. प्रत्येक पेल्यामागे चार-पाच सोले (कोकमाच्या सुकवलेल्या साली) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावेत, गाळून त्यात जिरेपूड, मीठ आणि हवे तर थोडी साखर घालावी. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरणार असाल तर मीठ घालण्यापूर्वी चव पाहावी, कारण आगळात ते आधीच भरपूर असते. कोकम आंबट असल्याने पितळेच्या, तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये. काचेचा जग किंवा स्टीलचे पातेले घ्यावे. एक सावधगिरी मात्र हवी: कोकमाचा डाग पांढऱ्या टॉवेलवरून सहजी जात नाही, आणि ब्युटिशियन बहुधा पांढरेच टॉवेल आणते. त्या वेळेपुरते घरातले गडद रंगाचे पंचे गळ्याभोवती टाकावेत आणि पेला अर्धाच भरावा.

सोलकढी करावी का, असे कोणी सुचवेलच. करावी, पण लेपाच्या वेळी नको आणि लसणाशिवाय. सोमवार असल्याने तुमच्याकडे कांदा-लसूण तसाही वर्ज्य असण्याचा संभव आहे. शिवाय चेहऱ्याचे मालीश करणारी बाई सगळ्यांच्या तोंडावर वाकून काम करते, तिचाही विचार करावा. दहा लहान पेल्यांना दोन नारळ पुरतात. नारळाचा रस मात्र पार्टीच्या दिवशी, शक्यतो दुपारी दोननंतरच काढावा. वैशाखातल्या आपल्या दमट हवेत तो काही तासांत आंबू लागतो, आणि एकदा कोकम मिसळलेली कढी गरम केली तर फुटते. म्हणून तिला फ्रीजमध्ये ठेवून वाढण्याच्या क्षणी बाहेर काढावे.

चेहरे धुतले की खाण्याचा मुख्य भाग येतो. त्या वेळी पाहुण्यांना खरोखर भूक लागलेली असते, हात कोरडे असतात आणि नेल पॉलिश अजून लागलेले नसते. या अर्ध्या तासासाठी चार पदार्थ पुरेत. पदेराकडून (पाववाल्याकडून) आलेल्या पोयांचे, म्हणजे कोंड्याच्या पावांचे, चार-चार तुकडे करून त्यांच्यात ओल्या खोबऱ्याची आणि कोथिंबिरीची चटणी व तवशाचे काप भरावेत. पोईला कोंडा असल्याने ती पोटाला आधार देते आणि मऊ असल्याने चुरा पडत नाही. दुसरा पदार्थ तवसळी: किसलेले तवसे, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून वाफवलेली, पूर्ण थंड झाल्यावर वड्या पाडलेली. क्रीमच्या केकची जागा ती सहज घेते, तिच्यात अंडे नसते आणि उकाड्यात ती वितळत नाही. तिसरे, वाटीभर उकडलेल्या हिरव्या मुगाची किंवा चण्यांची कोरडी उसळ. चौथा आंबा, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे.

वैशाखात गोव्यात मानकुराद आंबा असताना दुसरे फळ शोधण्याचे कारण नाही. परंतु आंब्याच्या देठापाशी जो चीक असतो, तो कातडीला झोंबणारा असतो. काहींना त्याने ओठांभोवती पुरळ किंवा लाल चट्टे उठतात. स्क्रब, वाफ आणि लेप झालेली त्वचा तर नेहमीपेक्षा नाजूक असते. म्हणून आंबे आदल्या रात्री किंवा निदान अर्धा तास पाण्यात ठेवावेत, देठाकडचा भाग जाड कापून टाकावा, मग पुन्हा धुऊन, साल पूर्ण काढून फोडी कराव्यात आणि त्यांना टूथपिक लावावेत. कोय चोखण्याची हौस त्या दिवशी पाहुण्यांनी आवरावी. ती घरातल्या मुलांना द्यावी. हाच नियम ओल्या काजूगरांना लागू आहे. टरफलातील तेलाने कातडी भाजते, तेव्हा उसळीत काजू घालायचे असतील तर सोललेले, नीट धुतलेलेच घ्यावेत. लिंबाबाबतही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: लिंबाचा रस लागलेला हात उन्हात गेला तर तेथे भाजल्यासारखे डाग उठू शकतात. लिंबे पिळणाऱ्या व्यक्तीने हात साबणाने धुतल्याशिवाय अंगणात जाऊ नये, आणि पाहुण्यांच्या हाती पिळायला लिंबाच्या फोडी देऊ नयेत.

तिखट या दिवशी अजिबात नको. आपल्याकडच्या मिरचीची चव मी नाकारत नाही, पण तिने चेहरा लाल होतो आणि घाम येतो, म्हणजे ब्युटिशियनची तासाभराची मेहनत पाच मिनिटांत वाया जाते. तळलेल्या भज्यांचा वास बंद खोलीत चंदनाच्या वासात मिसळतो, त्याविषयी लिहायलाच नको.

नेल पॉलिश अगदी शेवटी ठेवण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. त्यानंतर फक्त स्ट्रॉचा पेला द्यावा. रिमूव्हरच्या वासात कोणतेही खाणे उघडे ठेवू नये. खाण्याचे टेबल दुसऱ्या खोलीत किंवा निदान खिडकीच्या विरुद्ध बाजूला असावे. लेपाची आणि खाण्याची भांडी वेगळ्या रंगांची घ्यावीत. दही, बेसन आणि हळदीचा लेप वाटीत अगदी पिठल्यासारखा दिसतो.

आता तुमच्या जाऊबाई. त्यांच्या कोकमात साखर नको आणि फळांचा रस नको. आंबा बंद करायची गरज नाही, पण दोन-तीन फोडींपेक्षा जास्त नको आणि त्याही पोईबरोबर. त्या इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेत असतील, तर तीन तासांच्या गप्पांत त्यांची खाण्याची वेळ चुकू देऊ नये; चार वाजता त्यांच्या हाती मुगाची वाटी आठवणीने द्यावी, मग चेहऱ्यावर लेप असो वा नसो. लेप दुसऱ्यांदा लावता येतो. शिवाय काजू, नारळ किंवा शेंगदाणे कोणाला चालत नाहीत का, हे आमंत्रण देतानाच विचारून घ्यावे, कारण आपल्याकडे नारळाशिवायचा पदार्थ ऐन वेळी सापडत नाही.

प्रश्न : आमच्या मैत्रिणींच्या अशाच दुपारी नीरो ठेवावा असे ठरले आहे. एकीने थोडी फेणीही असू दे म्हणून सुचवले. चालेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस, आणि तो ताजा असतो तोवरच नीरो असतो. सकाळी बाजारातून आणला, बर्फात ठेवला आणि दुपारी लगेच वाढला तर पेला दोन पेले खुशाल द्यावेत. बाटलीचे झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर फेस दिसला किंवा चव आंबट-तिखट लागली, तर तो आंबायला लागला आहे असे समजावे. त्यात गोडवा भरपूर असतो, हेही लक्षात ठेवावे, आणि घशाला जो तुरटपणा लागतो त्यासाठी चिमूटभर मीठ घालावे.

फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिच्याविषयी मला आकस नाही. तरीही वाफ, गरम पाणी आणि मालीश यांच्यासोबत ती देऊ नये. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, मद्यानेही रुंदावतात. पाय गरम पाण्यातून काढून एकदम उभे राहिले की घेरी येते, आणि तेव्हा जमीनही ओली असते. सगळे उपचार उरकल्यावर, पाहुण्या घरीच मुक्कामाला असतील तर, तो वेगळा प्रश्न आहे.

प्रश्न : मडगावच्या लहान फ्लॅटमध्ये मी एकटीच सगळे करणार आहे. आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तवसळी, हिरवी चटणी (खोबऱ्याशिवाय), कोकमाचा गाळलेला अर्क आणि पुदिन्याची पाने घालून गोठवलेले बर्फाचे खडे आदल्या दिवशी करून ठेवावेत. बर्फासाठी पाणी उकळून निवलेलेच घ्यावे. स्वच्छ पाण्याचे सरबत करून त्यात नळाच्या पाण्याचा बर्फ टाकण्याची चूक अनेक घरांत होते. मूग आदल्या रात्री भिजत घालून सकाळी उकडावेत. खोबऱ्याची चटणी, नारळाचा रस, चिरलेली फळे आणि भरलेल्या पोया मात्र त्याच दिवशीच्या. शिजवलेले किंवा चिरलेले खाणे दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर मी एका तासावरच थांबते. त्यासाठी सगळे एकदम न मांडता लहान ताटल्यांतून दोनदा वाढावे, उरलेले फ्रीजमध्ये.

वीज गेली तर म्हणून एक आइस बॉक्स किंवा बर्फ भरलेली बादली तयार ठेवावी. दहा जणींना प्रत्येकी 200 मिलिलिटरचे दोन पेले धरले तर चार लिटर पेय लागते, साधे पाणी वेगळे. पेले मात्र दहा नव्हे, पंधरा काढावेत, कारण लेप लावून डोळे मिटलेल्या बायका आपला पेला कोणता हे हमखास विसरतात. किंवा प्रत्येकीच्या स्ट्रॉला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवावा.