25 हजारांचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की घर इंदूरला, नोकरी पुण्याच्या कंपनीची, दिवसभर मीटिंगा, घरात लहान मूल आणि आईचा टीव्ही. तर 5 हजारांच्या जोडीवर भागेल की 25 हजार घालावेत. दीड वर्षापूर्वी मी याच पेचात होतो आणि महागडी जोडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळते.

आधी मला सांगा, तुम्हाला नकोसा झालेला आवाज नेमका कुठला?

आमच्या इंदूरच्याच रामबागेतल्या घरी एप्रिलपासून हॉलमध्ये मोठा लोखंडी कूलर लागतो. पहिल्याच दिवशी इअरबड्स कानात घालून नॉइज कॅन्सलिंग (आसपासचा आवाज घटवणारी सोय) चालू केलं आणि मला वाटलं लाइट गेली. मान वळवून पाहिलं तर कूलरसमोरचा पडदा फडफडतोय! मी खूश. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली, ती जशीच्या तशी कानात. सकाळी कचरागाडी येते तेव्हाही हेच होतं. इंजिनाची घरघर गायब, आणि भोंग्यावरचं गाणं मात्र शब्दन् शब्द ऐकू येतं.

यात मशीनचा दोष नाही. बाहेरचा मायक्रोफोन आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसुरी असते. तिची लहर लांब, पुढच्या क्षणी ती कशी असेल हेही जवळपास ठरलेलं, म्हणून जुळणी छान होते. साधारण 1000 हर्ट्झच्या वर लहर इतकी आखूड होते की जरा चुकलं तरी गणित बिघडतं. शिट्टी, पडलेलं भांडं, पोराची किंकाळी, हे अडवण्याचं काम मुख्यतः कानात बसणाऱ्या रबरी टिपचं. उलट्या लहरीच्या कल्पनेवर जर्मन संशोधक पॉल ल्यूग यांना 1936 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. पुढे 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस विमानाच्या आवाजाला कंटाळले आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं. 1989 मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. म्हणजे विमानाच्या इंजिनासाठी वाढलेली ही विद्या, आणि आपण तिच्याकडून सासू-सुनेच्या मालिकेचा बंदोबस्त मागतो.

टिपचं सांगतो, कारण माझा पहिला आठवडा त्यातच वाया गेला. डब्यात तीन-चार मापं येतात, मी मधलं माप लावून मोकळा झालो. कूलर जायचा, पण घरातलं बोलणं सगळं ऐकू यायचं आणि गाण्यातला तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, पोकळ वाटायचा. परत करायच्या बेतात होतो. मग ॲपमधली फिटिंगची चाचणी केली तेव्हा कळलं, माझा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे! डावीकडे मोठी टिप लावली आणि बायाँ भरला. ज्याला टिप नीट बसत नाही त्याचे 25 हजार पाण्यात.

आता फरकाचं. भावाची 5 हजारांची जोडी आणि माझी, दोन्ही त्याच कूलरसमोर आलटून पालटून लावल्या. त्याच्यात कूलर शेजारच्या खोलीत गेल्यासारखा वाटतो, माझ्यात शेजारच्या घरात. रात्रीच्या इंदूर-पुणे स्लीपर बसमध्ये हा फरक पैसे वसूल करतो. सेंधव्याचा घाट कधी उतरला ते मला कळलं नाही. (कुशीवर झोपलात तर कान दुखतो, हे कोणी सांगत नाही.) माणसांच्या बोलण्यात मात्र दोन्हींत उन्नीस-बीसचाच फरक.

आणखी एक फरक शांततेत कळतो. आपण इंदूरकर, तेव्हा परीक्षा इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांच्या विलंबित ख्यालावर घेतली. झूमरा तालाच्या 14 मात्रा इतक्या संथ की दोन मात्रांच्या मधे माणूस चहा ढवळून घेईल. त्या मोकळ्या जागेत भावाच्या जोडीत बारीक 'स्स्स' ऐकू येतं आणि तंबोऱ्यावर धूळ बसल्यासारखी होते. माझ्यात तंबोरा स्वच्छ. गाणं ऐकणाऱ्याला हे मोठंच सुख आहे. मीटिंगवाल्याला त्याचं काय?

आणि तुमच्या मीटिंगांबद्दलच बहुतेकांचा गैरसमज असतो. नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानासाठी आहे. समोरच्याला तुमच्या घरातला गोंधळ ऐकू जाऊ नये, हे माइकचं वेगळं काम. मला कूलर ऐकू येत नव्हता, पण कुकरची शिट्टी ऐकून पुण्याच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "काय शिजतंय आज?" इअरबडचा माइक कानापाशी, तोंडापासून लांब. तोंडासमोर दांडीचा माइक येणारा साधा वायरचा हेडसेट या कामात माझ्या जोडीला सहज मागे टाकतो. शिवाय आई हाक मारून थकते आणि मग म्हणते, "बोळे घालून बसलाय." आता घरात असलो की बाहेरचा आवाज आत घेणारा मोड चालू ठेवतो, म्हणजे 25 हजार घालून न घातल्यासारखं ऐकतो!

आकड्यांचं थोडक्यात. नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवून सोनीच्या डब्ल्यूएफ-1000 एक्सएम5 ची बॅटरी कंपनी 8 तास सांगते, एअरपॉड्स प्रो 2 आणि बोसच्या क्यूसी अल्ट्राची 6 तास. सोनीचा एलडीएसी (ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यांसह पाठवण्याची पद्धत) आयफोनवर चालत नाही, आयफोन असेल तर त्याचे पैसे मोजू नका. खरी मेख बॅटरीचीच आहे. ती आत सीलबंद असते, दोन-तीन वर्षांत दमते आणि घरी बदलता येत नाही. माझी डावी बाजू आत्ताच उजवीच्या तासभर आधी मान टाकते. सर्व्हिस सेंटरवाल्याने बॅटरी बदलून मिळणार नाही म्हणून सांगितलं, आख्खा डावा इअरबड नवीन घ्या.

तुमचं दुखणं टीव्ही आणि मूल आहे, म्हणजे माणसांचे आवाज. मी तुमच्या जागी असतो तर मीटिंगांसाठी दांडीच्या माइकचा हेडसेट आणि ऐकायला 5 हजारांची, टिप घट्ट बसणारी जोडी घेतली असती, आणि दाराखालच्या फटीला जाड रबरी पट्टी लावली असती. वरच्या पट्टीतले आवाज मुख्यतः फटींतून घुसतात. महिन्यातून दोनदा बस किंवा विमान असेल, नाहीतर माझ्यासारखं विलंबिताचं वेड असेल, तर मात्र 25 हजार घाला. सणासुदीच्या सेलपर्यंत थांबलात तर त्यातलेही काही वाचतील.

कुठलीही घ्या, ए.बी. रोडवर ॲक्टिव्हा चालवताना कानातून काढून ठेवा. बाकी, जेल रोडला जोडी बघायला गेलात तर दुकानदार सील फोडून कानात घालू देईलच असं नाही. तेव्हा पैसे देण्याआधी परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्या मापांच्या टिपा दोन्ही कानांत वेगवेगळ्या लावून बघा, कूलर चालू ठेवून.