किडनीच्या ऑपरेशनला लिव्हरचे सर्जन कशाला?

वेंगुर्ल्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत की बाबांच्या उजव्या किडनीत कॅन्सरची गाठ आहे, ती शिरेतून वर लिव्हरच्या मागे पोचलीय आणि मुंबईचे युरॉलॉजिस्ट म्हणाले, ‘लिव्हर ट्रान्सप्लांटचे सर्जन सोबत लागतील.’ तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत, लिव्हरही बदलणार म्हणून. ते आधी मनातून काढा. लिव्हर बाबांचंच राहणार. ते फक्त सोडवून बाजूला घ्यायचंय, आणि त्या कामाला ट्रान्सप्लांटवाल्यांचा हात बसलेला असतो.

मी मुंबईत बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता मालवणात असते. अशा ऑपरेशनांना उभी राहिलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

किडनीची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला, आयव्हीसीला, मिळते. ही शीर लिव्हरच्या मागून थेट हृदयात जाते. किडनीचे काही कॅन्सर शिरेत शिरून प्रवाहाबरोबर वर वाढत जातात. त्याला ट्यूमर थ्रॉम्बस म्हणतात. बहुतेकदा तो शिरेच्या भिंतीत रुतलेला नसतो, आत नुसता तरंगत असतो, म्हणून शीर उघडून अख्खा काढता येतो. पण तिथवर पोचायचं कसं? वर लिव्हर बसलेलं. म्हणून पूर्वी थ्रॉम्बस इतका वर असला की बऱ्याचदा छाती उघडून पेशंटला हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढा वेळ करणाऱ्या यंत्रावर, घ्यायचे.

वाट सापडली ती लिव्हर ट्रान्सप्लांटमधून. पेशंटची आयव्हीसी जागेवर राखून जुनं लिव्हर तिच्यावरून सोडवायचं, या ‘पिगीबॅक’ पद्धतीवर 1989 मध्ये ट्रान्सप्लांट सर्जन झाकिस आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. पुढे अमेरिकेतल्या मायामीच्या डॉ. सिआन्सिओंनी तीच रीत किडनीच्या या ऑपरेशनांत रुळवली.

आधी मागच्या बाजूने किडनीची धमनी बांधतात, म्हणजे गाठीचं रक्त तुटतं आणि आजूबाजूच्या फुगलेल्या शिरा बसतात. मग लिव्हरला धरून ठेवणारे पडदे कापायचे. खरी कसोटी त्यानंतर. लिव्हरच्या मागून आयव्हीसीत उतरणाऱ्या बारीक, आखूड शिरा असतात. त्या एकेक करून बांधायच्या आणि कापायच्या. एक जरी फाटली तरी क्षणात सगळं रक्ताने भरतं. मी दोरा पुढे करायचे, सर्जन गाठ मारायचे, पुन्हा दोरा. घाई कुणीच करत नसे. हे झालं की लिव्हर डावीकडे कलंडतं आणि निळसर आयव्हीसी उघडी दिसते. मग सर्जन थ्रॉम्बसचं वरचं टोक बोटांनी चाचपून हलकेच खाली सरकवतात, लिव्हरच्या मोठ्या शिरांच्या खाली, आणि तिथे क्लॅम्प, म्हणजे शीर दाबून धरणारा चिमटा, लावतात. हे साधलं तर लिव्हरचं रक्त हृदयाकडे जात राहतं, त्यामुळे बीपी फारसं कोसळत नाही. भूलतज्ज्ञ अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, थ्रॉम्बसचं टोक सतत बघत असतात.

थ्रॉम्बस हृदयाच्या कप्प्यात खोलवर गेला असेल तर मात्र हार्ट सर्जन आणि मशीन लागू शकतं. म्हणून टीमला सरळ विचारा: टोक नेमकं कुठे आहे? लिव्हर कोण सोडवणार, आणि ते सुरुवातीपासून थिएटरमध्ये असतील ना? मशीनची तयारी आहे ना? यातल्या कुठल्याही प्रश्नाने चांगला सर्जन दुखावत नाही.

बाबांचे पाय सुजतात ते आंब्याच्या कलमांत दिवसभर उभं राहिल्याने, असं तुम्ही लिहिलंत. शीर अडल्यानेही सुजतात, तेव्हा डॉक्टरांना जरूर सांगा. पाय चोळू नका, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मुंबईची वाट न बघता जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, कारण थ्रॉम्बसचा तुकडा फुफ्फुसात जाऊ शकतो.

आंब्याचा हंगाम उरकून जाऊ म्हणताय, ते मला अजिबात पटत नाही. थ्रॉम्बस वाढत राहतो. सीटी महिन्याभरापूर्वीचा असेल तर तो बहुधा पुन्हा करायला सांगतील. जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. रक्त बरंच लागू शकतं, म्हणून मुंबईतल्या चाकरमान्यांना आधीच फोन करून ठेवा. आणि तुतारी एक्स्प्रेसने निघताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीटीची सीडी न्या. सर्जनला चित्रंच बघायची असतात.