पिळणं म्हटलं की लगेच ‘स्क्वीझ’ नको

‘पिळणे’साठी इंग्रजीत ‘स्क्वीझ’ (squeeze) कुठं वापरायचा, असं विट्याहून विचारलंयस. इंग्रजी बोलायला आत्ताच लागलायस, तर सुरुवातीला थोडकंच पुरे. बोटांत किंवा मुठीत धरून घट्ट दाबणं, हा त्याचा गाभा. लिंबू, टूथपेस्टची ट्यूब, धीर द्यायला दाबलेला हात, सगळीकडे चालतो.

घोळ होतो तो आपल्या ‘पिळणे’मुळे. आपण एकाच शब्दात बरंच काही उरकतो, इंग्रजीत तसं नाही:

- ओलं धोतर पीळ देऊन पिळलं, तर ‘रिंग’ (wring). भूतकाळ ‘रंग’ (wrung). स्पेलिंगच्या सुरुवातीचा डब्ल्यू मुका.
- कारखान्यात उसाला ‘क्रश’. गळीत हंगामाला ‘क्रशिंग सीझन’ म्हणतात ते सांगली जिल्ह्यात राहून ऐकलं असशीलच. तिथं ‘स्क्वीझ’ म्हणालास तर उसाच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉयसुद्धा हसेल.
- मिशीला पीळ? ‘ट्वर्ल’. हे नाही आलं तरी अडत नाही.

खरी मजा पुढं आहे. गच्च भरलेल्या सांगली-मिरज बसमध्ये अंग चोरून शिरलास, की ‘आय स्क्वीझ्ड इन्टू द बस’. डॉक्टरकडं नंबर नाही, तरी मधेच घ्या म्हणायचंय: ‘कॅन यू स्क्वीझ मी इन?’ बोलण्यात हा वापर फार येतो, आणि नवखे नेमका हाच सोडतात. ‘क्रेडिट स्क्वीझ’ वगैरे अर्थकारणातलं सध्या राहू दे.

उच्चारात ‘झ’ झाडातला, झेंड्यातला नव्हे. आणि आधी ‘इ’ लावून ‘इस्क्वीझ’ करू नकोस.