भुलीत असताना नवऱ्याची सही घेतली आणि गर्भपिशवी काढली: आता काय करता येईल?

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे, माध्यमिक शाळेत शिकवते. एक मुलगी आहे, दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता. चौदा महिन्यांपूर्वी बीजकोषावरची गाठ दुर्बिणीतून काढायला तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात दाखल झाले. शुद्धीवर आल्यावर कळलं, गर्भपिशवीही काढली. मी भुलीत असताना डॉक्टर बाहेर आले, ‘पिशवी खराब दिसते, आत्ताच काढलेली बरी’ म्हणाले आणि ह्यांनी सही केली. पुढच्या आठवड्यात शाळेच्या क्लार्कने रजेच्या चौकशीसाठी फोन केला, तर हॉस्पिटलने अख्खं डिस्चार्ज कार्डच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आता स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याने सही केली म्हणजे काही करता येत नाही, असं जो तो सांगतो. खरंच का?

उत्तर: ताई, खरं नाही. तुम्ही सज्ञान आहात, दाखल झालात तेव्हा पूर्ण भानावर होतात. तुमच्या शरीराबद्दलची संमती तुमचीच लागते. भूल उतरेपर्यंत तुम्ही बोलू शकत नव्हता, एवढ्याने तो अधिकार नवऱ्याकडे जात नाही.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा स्पष्ट निकाल आहे: समिरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, १६ जानेवारी २००८. घटना १९९५ची, दिल्लीची. ४४ वर्षांची अविवाहित बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीत असताना मदतनीस डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोष, बीजवाहिन्या सगळं काढलं. कोर्टाने सांगितलं की आईची संमती ही तिची संमती नव्हे. आणि तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. जिवाला धोका असेल, किंवा थांबल्याने प्रकृतीची मोठी हानी होणार असेल, तरच डॉक्टर संमतीशिवाय पुढे जाऊ शकतो. एरवी ऑपरेशन थांबवायचं, रुग्णाला शुद्धीवर येऊ द्यायचं आणि तिला विचारायचं. पुन्हा भूल देणं टळावं, खर्च वाचावा, ही कारणं पुरेशी नाहीत. संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हेही त्या निकालात आहे: काय करणार, का करणार, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं तरी रुग्णाला समजेल असं सांगितलेलं असावं लागतं.

म्हणून तुमची केस एका प्रश्नावर उभी राहील किंवा पडेल: त्या क्षणी तातडी होती का? गाठ काढताना रक्तस्राव आवरेना, अशी नोंद असेल तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते. आणि डॉक्टरांनी बाहेर येऊन जे सांगितलं तेवढंच कारण कागदावर असेल, तर ती तातडी ठरायची नाही. ‘खराब दिसते’ म्हणून काढलेल्या अवयवासाठी दोन दिवस थांबता आलं असतं.

हे कागदच सांगतील, म्हणून पहिलं काम कागदांचं. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या: माझ्या संपूर्ण केसपेपरची साक्षांकित प्रत द्यावी. त्यात ही नावं वेगवेगळी लिहा: दोन्ही संमतिपत्रं, ऑपरेशनची टिपणं, भूलतज्ज्ञाचा तक्ता, नर्सिंगच्या नोंदी, ऑपरेशनआधीची सोनोग्राफी आणि काढलेल्या अवयवाचा बायोप्सी रिपोर्ट. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. डॉक्टरांच्या आचारसंहितेत (२००२ची नियमावली) मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला सांगितलं आहे. कागद जपून ठेवायची सक्ती मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांची आहे.

भूलतज्ज्ञाच्या तक्त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण वकीलही तो पाहायला विसरतात. त्यात दर काही मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब लिहिलेला असतो. रक्तस्राव खरंच हाताबाहेर गेला असेल तर तो तिथे दिसतो. नंतर सावकाश लिहिलेल्या टिपणापेक्षा त्या तक्त्यावर माझा विश्वास जास्त.

समोरचे वकील दोन मुद्दे काढतील. एक, तुम्ही सही केलेल्या छापील फॉर्ममध्ये ‘गरज पडल्यास इतर कोणतीही शस्त्रक्रिया’ अशी ओळ असेल. अशा मोघम ओळीने गर्भाशय काढण्याची परवानगी मिळत नाही. दोन, त्याच आचारसंहितेत म्हटलंय की ज्या ऑपरेशनमुळे मूल होण्याची शक्यता संपते, तिथे पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी. ही तरतूद ते तुमच्यावर उलटवू पाहतील. तुम्ही ‘दोघांची’ या शब्दावर बोट ठेवा. नवऱ्याची सही तुमच्या सहीच्या जोडीला असते, तिच्या जागी नाही.

आता डिस्चार्ज कार्डाबद्दल. हा मुद्दा तुम्ही पत्रात शेवटी, जरा संकोचाने लिहिलात. मला तो तितकाच गंभीर वाटतो, आणि सिद्ध करायला सोपाही. उपचारात कळलेली गोष्ट डॉक्टर उघड करू शकतात ती कोर्टाच्या आदेशाने, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा, किंवा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत. नोकरीचं ठिकाण यात कुठेच येत नाही. रजेसाठी ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होत्या’ एवढा दाखला पुरे, आणि तोही तुमच्या हातात. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७) मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. कार्ड डॉक्टरने पाठवलं की काउंटरवरच्या मुलीने, याने हॉस्पिटलची जबाबदारी टळत नाही. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असा मिळवा. क्लार्ककडून मिळत नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि ते कार्ड तुमच्या फाइलमधून काढून बंद पाकिटात ठेवायलाही त्यातच सांगा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, आणि दिलेलं बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. चौदा महिने गेलेत, म्हणजे दहा उरलेत, आणि नोटिशीच्या पत्रव्यवहारात ही मुदत थांबत नाही. संमती आणि गोपनीयता या दोन मुद्द्यांना तज्ज्ञाची साक्ष फारशी लागत नाही. तातडीच्या प्रश्नाला लागेल, म्हणून कागद हातात आले की दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्या. डॉक्टरांच्या वर्तनाची वेगळी तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. पोलिसांत जाऊ नका असंच मी सुचवेन. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवरच्या फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तुमचा खरा मुद्दा संमतीचा आहे.

पैशाबद्दल स्पष्ट लिहिते. समिरा कोहलींना १३ वर्षांनी २५ हजार रुपये मिळाले आणि डॉक्टरांची फी नाकारली गेली. तुमची परिस्थिती वेगळी आहे: वय कमी, बाळाचा विचार चालू होता, वर गोपनीयतेचा भंग. म्हणून मागणी मोठी करता येईल, करावीही. पण मोठ्या रकमेच्या भरवशावर केस लढवू नका, आणि तसं वचन देणाऱ्या वकिलाला वकीलपत्र देऊ नका.

आपल्या राज्यात ‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हे वाक्य किती सहज बोललं जातं, ते बीडच्या ऊसतोड बायांच्या प्रकरणात २०१९ साली सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही शिकलेल्या, पगारदार, तरी तुम्हाला विचारलं गेलं नाही. याचा मला राग आहे.

कोर्टापेक्षा आधी एक गोष्ट बघा. बायोप्सी रिपोर्टमध्ये बीजकोष काढल्याची नोंद आहे का? दोन्ही काढले असतील तर या वयात हाडांची आणि हृदयाची काळजी लगेच सुरू करावी लागते. त्यासाठी निकालाची वाट पाहू नका.

आणि तुमच्या यजमानांबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक त्यांच्याशी नीट बोलणं बंद झालं असावं. थिएटरच्या दाराशी, हिरव्या कपड्यातला डॉक्टर घाईने कागद पुढे करतो तेव्हा माणूस सही करतो. त्या वेळी त्यांना नक्की काय सांगितलं, किती वाजता, शेजारी कोण होतं, कागद वाचायला दिला का, हे त्यांना आजच लिहून काढायला सांगा. या केसमध्ये तुमचे सगळ्यात महत्त्वाचे साक्षीदार तेच आहेत.