गुरूंना माफ केलं नाही, तर मी बरी होणार नाही का?

हा प्रश्न माझ्याकडे अनेक जण घेऊन येतात: कधी गाणं शिकणारे, कधी खेळाडू. आज सांगते ती गोष्ट एका योगशिक्षिकेची. तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून.

लहानपणी तिने घरात मारहाण सोसलेली. विशीत ती योगवर्गाला जायला लागली, झोप परत आली, आपल्याच शरीरात बिनधास्त राहता येतं हे तिला पहिल्यांदा कळलं. शिकवणाऱ्या सरांनीच पुढे तिला शिक्षिका केलं. आणि तेच सर सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा करायचे. आसन 'दुरुस्त' करताना त्यांचा हात नको तिथे जायचा. आपलीच निष्ठा कमी पडतेय असं समजून ती वर्षानुवर्षं गप्प राहिली. तो वर्ग सोडल्यावरही शवासनात डोळे मिटले की छाती धडधडायची.

"मैत्री, करुणा मीच शिकवते आणि एका माणसाला माफ करू शकत नाही. मग मी कसली योगशिक्षिका?"

मी म्हटलं, माफीचा विषय तूर्त बाजूला ठेवू. ती माझ्यावर चिडली. मला बरंच वाटलं, कारण तोवर तिचा सगळा राग स्वतःवरच निघत होता.

मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना सामोरं जाणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. माफी ही त्यात पुढे सरकण्याची अट नाही. म्हणून आम्ही सुरुवात शवासनापासून केली. डोळे उघडे, पाठ भिंतीला, हवं तेव्हा उठायची मोकळीक. दीर्घ श्वसनाने प्रत्येक जण शांत होतो, हा योगशिक्षकांचा लाडका समज आहे. आघात सोसलेल्या काहींना मात्र डोळे मिटून लक्ष आत नेलं की उलट घाबरायला होतं. हे तिला पटायला वेळ लागला.

आपण गप्प का राहिलो, ही तिची दुसरी टोचणी. ज्याच्यावर आपली सगळी भिस्त असते, त्याने केलेला घात मन अनेकदा दिसूच देत नाही, कारण दिसला तर आधारच सुटतो. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी हे मांडलं आहे. मार खाऊनही घरातच राहावं लागलेल्या मुलीला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. पट्टाभि जोइस यांच्यासारख्या जगप्रसिद्ध योगगुरूंच्या नको त्या स्पर्शांबद्दलही शिष्या खूप उशिरा उघड बोलल्या. २००९ मध्ये ते वारले, आणि नातू शरत यांनी जाहीर क्षमा मागितली ती २०१९ मध्ये.

खरी अडचण पुढेच होती. "सर वाईट म्हटले, तर त्यांच्याकडून मिळालेलं सगळंच बाटलं ना?" माझ्या अनुभवात रागापेक्षा कृतज्ञतेची ही गाठ सोडवायला जास्त अवघड असते. मी विचारलं, पहाटे उठून सराव कोण करत होतं? ती बराच वेळ बोलली नाही. सरांनी शिकवलं हे खरं, छळलं हेही खरं. एकाने दुसरं खोडलं जात नाही. ऋण मानायचं म्हणून तक्रार गिळायची, असा हिशोब कुठेही नाही.

मग तिच्याच तोंडपाठ असलेल्या पतंजलींच्या योगसूत्रांकडे वळलो. पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र: सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवानांविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि अपुण्य करणाऱ्यांविषयी उपेक्षा, म्हणजे अलिप्तता. शेवटच्या माणसापुढे पतंजलींनी करुणा ठेवलेली नाही, मैत्रीही नाही. "हे मी रोज म्हणते," म्हणत ती हसली.

माफीवर वर्षानुवर्षं संशोधन करणारे रॉबर्ट एन्राइटसुद्धा बजावतात, की माफ करणं म्हणजे कृत्यावर पांघरूण घालणं नव्हे आणि पुन्हा नातं जोडणंही नव्हे. सर अजून शिकवत होते. तिने लेखी तक्रार केली. तिच्या वर्गात आता विचारल्याशिवाय कुणाला हात लावला जात नाही. तुम्हालाही दुःस्वप्नं, दचकणं, टाळाटाळ महिन्याहून जास्त टिकून असेल, तर गुरूंना माफ करण्याच्या प्रयत्नात अडकून न राहता आधी मानसोपचारतज्ज्ञाला गाठा.

सरांची आठवण आली की तिला अजून राग येतो, पण त्यात आता अख्खा दिवस जात नाही. माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तिनेही तो विषय पुन्हा काढलेला नाही.